‘वडतंय किती?’

गोव्यातल्या मध्यमवर्गाला गेल्या चार-पाच वर्षांत एक नवे वेड लागले आहे आणि त्याचे नाव ‘फोर बाय फोर’. आमच्या कचेरीत दुपारी डबे उघडले की पूर्वी नाट्यस्पर्धेच्या निकालावर वाद व्हायचे, बढतीच्या यादीवर व्हायचे, २०२३ साली कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले तेव्हा महिनाभर त्यावरच झाले. आता वाद होतो तो थार घ्यावी की जिम्नी, यावर. रोज पर्वरीच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या माणसाला चारही चाकांना जोर देणारी गाडी कशाला हवी, हे विचारायचे नसते. विचारले तर तुम्ही जुनाट ठरता.

फोर बाय फोर ज्यांना पोटासाठी लागते असे गोव्यात मला ठाऊक असलेले लोक म्हणजे कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणारे जीपवाले. ते नदीच्या पात्रातून गाडी काढतात. बाकीच्यांची हौस किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी रुतवण्यापर्यंत पोचते, मग पोलीस येतात, आणि चार चाकांच्या जोराची ती गाडी बाहेर ओढायला शेवटी दुसरीच कुठली तरी गाडी बोलवावी लागते. असो.

आता या वेडाला एक शेपूट फुटले आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरावॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ऑस्ट्रेलियातल्या कोणाच्या तरी भाच्याने घरासारखी गाडी मागे जोडून फिरतानाचे फोटो पाठवले, आणि आमच्या टेबलावर नवा प्रश्न आला. उद्या जडशी कॅरावॅन मागे लावली तर कोणती गाडी ती ओढेल? ओढण्याची ताकद कोणाची जास्त? अमक्याचा टॉर्क किती, तमक्याचा किती? आपल्याकडच्या बहुतेक कॅरावॅन स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या असतात, त्या कोणी ओढायच्या नसतातच, ही बारीकशी गोष्ट सोडून देऊ. माझे भांडण त्या प्रश्नाशी आहे. जड वस्तू मागे लावणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ‘ओढेल किती’ हा असूच नये. तो ‘थांबेल कशी’ हा असला पाहिजे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला सरकारी कारकून. यंत्रातले तुला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण वजनांची बेरीज करायला इंजिनिअर लागत नाही, आणि कागद वाचणे हा तर माझा धंदाच आहे.

त्या ऑस्ट्रेलियाचेच घ्या. तिथे अडीच टनांच्या आसपास वजनाची लँड क्रूझर साडेतीन टनांपर्यंतची कॅरावॅन ओढू शकते, असे कंपनी लिहून देते. आपल्या महिंद्राची स्कॉर्पिओ तिथे विकली जाते, तिला अडीच टनांची मर्यादा आहे. या आकड्यांवर आमचे मित्र खूष होतात. पण त्यांच्या मागचा एक शब्द ते वाचत नाहीत. हे आकडे ब्रेक असलेल्या कॅरावॅनचे आहेत. मागच्या गाडीला ब्रेक नसेल तर मर्यादा साडेसातशे किलो, आणि तिथेच संपली. साडेसातशे किलोच्या वर गेलात की मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक हवेत. दोन टनांच्या वर गेलात की तिच्या सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि वर ती चुकून सुटली तर आपोआप ब्रेक लागेल अशी सोय हवी. म्हणजे ज्यांना आपण ‘ओढणारे’ समजतो त्यांचा सगळा कायदा थांबवण्याचा आहे.

आणि हा प्रश्न उलटा विचारल्यावर काय होते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ऑस्ट्रेलियाला जाऊ नये. बोरगावला जावे.

बोरगाव नावाची गावे डझनभर आहेत. मी म्हणतो ते निपाणी तालुक्यातले, दूधगंगेच्या काठचे, कागदोपत्री कर्नाटकातले आणि बाजारहाट इचलकरंजीला करणारे. माझी ती सासुरवाडी. आंबोली, आजरा, गडहिंग्लज करत मी वर्षातून दोनदा तरी तिथे जातो. काळम्मावाडीच्या धरणाचे पाणी आले आणि या सगळ्या पट्ट्यात ऊस झाला. तंबाखूची निपाणी, १९८१च्या शेतकरी आंदोलनाची निपाणी, ही पुस्तकातली ओळख. आज तिथे दिवाळीनंतर उतरलात तर नजर जाईल तिथवर ऊस, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. ऊस कर्नाटकातल्या हालसिद्धनाथला जातो, चिकोडीच्या दूधगंगा-कृष्णाला जातो, सीमा ओलांडून हुपरीच्या जवाहरला जातो.

हा ट्रॅक्टर एकटा नसतो. त्याच्या मागे एक ट्रॉली, आणि त्या ट्रॉलीच्या मागे आणखी एक ट्रॉली. दोन्हींवर मोळ्या इतक्या रचलेल्या की मागून पाहणाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही, फक्त एक हिरवट-पिवळी भिंत हळूहळू पुढे सरकताना दिसते. वीस-पंचवीस टन माल. वर बहुधा मोठा भोंगा, त्यावर गाणी, पुढच्या काचेवर देवाचे किंवा प्रेयसीचे नाव. दिवसा हे दृश्य पाहायला गंमत वाटते. रात्री नाही.

२०२५च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचावर आला आणि दसऱ्याच्या तोंडावर आमच्या धाकट्या मेहुण्याने नवा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले. “दाजी, चला की संगट, तुमी कागद बगा, आमी मशीन बगतो,” म्हणाला. गेलो. कोणत्या शोरूमला ते सांगत नाही, कारण तिथे जे ऐकले ते त्या पट्ट्यातल्या कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळाले असते. पन्नास ते साठ हॉर्सपॉवरच्या यंत्रांवर बोलणे चालले होते. जॉन डिअर ५३१०, अर्जुन ६०५, न्यू हॉलंड ३६३०, ही नावे तिथे पोरे क्रिकेटपटूंची नावे घेतात तशी घेतात. प्रश्न एकच. “वडतंय किती?” त्यावर विक्रेत्याचे उत्तरही एकच. “डबल ट्रॉली आरामात. आनि फोर बाय फोर घेतला तर बगायलाच नको.” मी विचारले, थांबतो कसा? सगळे हसले. पाहुण्याने विनोद केला असे त्यांना वाटले. मग विक्रेता समजुतीच्या सुरात म्हणाला, “ऑइल ब्रेक हायत की सायेब.”

आहेत. तेलात बुडालेले ब्रेक कोरड्या ब्रेकपेक्षा चांगलेच, लवकर तापत नाहीत, जास्त टिकतात. पण ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना असतात. चार चाकांचा जोर असलेल्या ट्रॅक्टरचेही तसेच. पुढचा अॅक्सल जोडलेला असेल तर ब्रेकचा थोडा परिणाम त्या मार्गाने पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, पण डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून पळवायची नसतात, टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणून कोणीही शहाणा चालक रस्त्याला लागला की पुढचा जोर काढून टाकतो. म्हणजे ज्या फोर बाय फोरसाठी लाखभर रुपये वर मोजले, ते रस्त्यावर बंद असते. ते जिथे उपयोगी पडते ती जागा वेगळी. पाऊस लांबला, काळ्या रानात चिखल झाला, भरलेली ट्रॉली फडातून बांधावर चढवायची आहे, तेव्हा साधा ट्रॅक्टर पुढून उचलला जातो, मागची चाके जागच्या जागी फिरतात, आणि अशा वेळी पुढच्या चाकांचा जोर म्हणजे देवच. तेवढ्यापुरते मेहुण्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फडासाठी फोर बाय फोर घ्यावा.

पण तो फडासाठी विकला जात नाही. तो ‘जास्त वडतंय’ म्हणून विकला जातो. आणि जे यंत्र जास्त ओढते त्याच्या मागे जास्त भरले जाते. फडातून बाहेर पडताना पुढच्या चाकांनी दिलेल्या मदतीचा हिशेब मग उतारावर चुकता करावा लागतो.

हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टर अडीच टनांचा. मागे ट्रॉल्यांसह पंचवीस-तीस टन. ऑस्ट्रेलियातली गाडी स्वतःच्या वजनाच्या जेमतेम दीडपट ओढते, आणि तीही मागच्या प्रत्येक चाकाला ब्रेक लावून. आमचा ट्रॅक्टर दहापट ओढतो, आणि मागच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तूच नसते. एक पिन, एक हूक, फार तर एक साखळी. सपाट रस्त्यावर, सावकाश, सगळे ठीक. पण एखादा पूल उतरताना, गावाच्या वेशीवरच्या उतारावर, पुढे अचानक म्हैस आली आणि चालकाने ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबायचा प्रयत्न करतो आणि मागचे पंचवीस टन थांबायला तयार नसतात. ते ट्रॅक्टरला ढकलतात. ट्रॅक्टर आडवा होतो, ट्रॉली त्याच्यावर येते. त्यातच डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची सवय. इंजिनाचा जो काही रोध मिळाला असता तोही गेला. दोन थेंब डिझेलसाठी.

आणि हे झाले चालत्या ट्रॅक्टरचे. थांबलेल्याचे वेगळे. रात्री टायर फुटला की ट्रॉली तिथेच रस्त्यावर, मागे दिवा नाही, चार दगड आणि उसाचे वाढे टाकून ठेवलेले. ट्रॉली दुसऱ्या दिवशी जाते, दगड आठवडाभर राहतात. गोव्याहून जाणाऱ्यांनी त्या पट्ट्यात रात्री गाडी चालवली असेल तर मी काय म्हणतो ते त्यांना समजेल. त्या अंधारात मागून येणारा असतो मोटारसायकलवरचा, इचलकरंजीच्या मागावरची पाळी संपवून घरी निघालेला. दर हंगामात अशी बातमी येते. चार ओळींची, आतल्या पानावर. हंगामाच्या सुरुवातीला मात्र पोलीस आणि कारखान्याचे अधिकारी मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवतात, त्याचा फोटो पहिल्या पानावर. रिफ्लेक्टर चांगलेच आहेत, लावावेत. पण चकाकणाऱ्या पट्टीने वजन कमी होत नाही आणि ब्रेकही लागत नाहीत.

इथे शहरी वाचक मान डोलावणार आणि म्हणणार, गावातले लोक बेफिकीर, शिस्त नाही. मला हे म्हणायचे नाही, आणि जे असे म्हणतील त्यांच्या बाजूला मी उभा नाही. माझा मेहुणा बेफिकीर नाही. तो दहा लाखांच्या आसपासचे यंत्र हप्त्यावर घेतो. तोडणीसाठी बीडकडची टोळी आणायला मुकादमाला काही लाखांची उचल आधीच द्यावी लागते. ती कारखान्याकडून मिळते, पण सही असते वाहतूकदाराची. मुकादम टोळी घेऊन आला तर ठीक, नाही आला तर कर्ज याच्या अंगावर. फसवलेल्या वाहतूकदारांच्या तक्रारींनी कोल्हापूर, सांगली, बेळगाव जिल्ह्यांतली पोलीस ठाणी भरलेली आहेत. मधेच दराचे आंदोलन पेटले की कार्यकर्ते येतात आणि राग काढायचा तो त्याच्याच टायरांवर, हवा सोडून. हंगाम चार-पाच महिन्यांचा. पैसे मिळतात टनावर. अशा माणसाला तुम्ही सांगणार, एकच ट्रॉली लाव, अर्धीच भर? तो तुमच्याकडे पाहून हसेल, आणि त्याचे हसणे बरोबर असेल. ज्याने त्याला या हिशेबात बसवले तो मात्र या चित्रात कुठेच दिसत नाही.

म्हणून मी त्या कागदाकडे येतो ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. कारखान्याची वजनपावती.

उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. भरलेला असताना एकदा, गव्हाणीत ऊस टाकून रिकामा झाल्यावर एकदा. पावती छापून येते. तीवर वाहनाचा नंबर, तारीख, वेळ, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. मी मेहुण्याच्या अशा पावत्यांचे बंडल चाळले आहे. पंधरा-वीस वर्षे फायली लावलेल्या माणसाला असा कागद दिसला की हात थबकतो. कारण तो नुसता उसाचा हिशेब नाही. अमुक वाहन अमुक वेळी सार्वजनिक रस्त्यावरून इतके टन वजन घेऊन आले, याचा तो छापील पुरावा आहे. पंच नकोत, पंचनामा नको.

मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीचीही नोंदणी आहे, आणि कोणत्या वाहनाने किती वजन न्यावे याची मर्यादा कलम ११३ खाली ठरलेली आहे. ती ओलांडल्यास कलम १९४. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिथे दंड वीस हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. मी दुपारच्या सुट्टीत सहज गणित मांडले. दहा टन जादा असतील तर एका खेपेला चाळीस हजार. हंगामात शंभर खेपा धरल्या तर चाळीस लाख. चार ट्रॅक्टर येतील तेवढ्यात. इतका मोठा दंड लावणे कोणालाही शक्य नसते, म्हणून तो लावलाच जात नाही. कधीतरी एखादा अडवला जातो, काहीतरी ‘तडजोड’ होते आणि भिंत पुढे सरकते. कायदा अशक्य करून ठेवणे हाही तो न पाळण्याचा एक मार्ग आहे, आणि सरकारी नोकरीत तो मार्ग मी पुष्कळदा पाहिला आहे.

पण त्याच कलमात एक शब्दयोजना आहे. दंड वाहन चालवणाऱ्याला आहे, तसाच ते चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही आहे. आता सांगा, टनावर पैसे देणारा, उचल देणारा, खेपा मोजणारा, आणि शेवटी स्वतःच्या काट्यावर जादा वजन तोलून त्याची पावती छापणारा कोण? तो चालवू देणारा नाही? पोलिसाने रस्त्यावर ट्रॅक्टर अडवून वजन शोधायची गरजच काय? वजन कारखान्याच्या संगणकात आहे, नंबरासकट.

सीमाभागात तर याची आणखी एक गंमत आहे. बोरगावचा केए २३ नंबरचा ट्रॅक्टर हुपरीला जातो, तिकडचा एमएच ०९ इकडे येतो. याच सीमेसाठी १९५६पासून भांडण आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालू आहे. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर असावी यावरून एसटीच्या काचा फुटतात, बससेवा बंद होतात. २०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी केली होती, ती ओरड झाल्यावर मागे घ्यावी लागली. म्हणजे ऊस कुठून कुठे जातो इकडे दोन्ही सरकारांचे बारीक लक्ष आहे. तो कशावरून जातो इकडे मात्र दोघांनीही पाठ फिरवली आहे. एका बाबतीत का होईना, दोन राज्यांचे एकमत झाले म्हणायचे.

काही जण संस्कृतीचा दाखला देतात. आपल्याकडे ओढण्याचे कौतुक जुनेच आहे, ओझे ओढण्याच्या शर्यती आहेत, आता ट्रॉली मागे घेण्याच्या रिव्हर्स स्पर्धा होतात, त्यांना जत्रेसारखी गर्दी होते. खरे आहे. रिव्हर्सच्या स्पर्धेत दोन ट्रॉल्या सरळ रेषेत मागे नेणारा पोरगा पाहिला की आमच्या गोव्यातल्या चार चाकांच्या हौशी मंडळींना गाडी चालवणे म्हणजे काय ते कळेल. पण बैलाची संस्कृती ओझ्याची नव्हती, मापाची होती. बोरगावच्या पट्ट्यात बेंदूर दोनदा होतो, ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी आणि पुढे आषाढात महाराष्ट्राचा. दोन्ही दिवस बैल गाडीला जुंपत नाहीत. घाट उतरणाऱ्या गाड्यांना चाकावर दाबायचा लाकडी ठोकळा असे, हे आमच्या सत्तरी-सांगेतल्या म्हाताऱ्यांनाही आठवत असेल. बैलाला किती झेपेल हे गाडीवानाला कळायचे, कारण झेपले नाही तर बैल बसायचा. आणि सरकारलाही कळले होते. ओढणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५चे केंद्रीय नियम काढून पाहा. कोणत्या बैलाने किती किलो ओढावे याचा तक्ता त्यात आहे. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असेही आहे. ट्रॅक्टर बसत नाही, एवढाच फरक झाला. न बसणारे जनावर मिळाले आणि आम्ही मापच विसरलो.

गोव्यातल्या वाचकांना हे परके वाटत असेल तर त्यांनी २०१२च्या आधीचे सावर्डे, कुडचडे, उसगाव-तिस्क आठवावे. खनिजाचे ट्रक खेपांच्या हिशेबावर धावत. ज्याच्या खेपा जास्त त्याचा हप्ता फिटला. त्या रस्त्यांवर जे गेले त्यांच्या घरच्यांना कोणी वजनपावती दाखवली नाही, पण काटा तिथेही होता. ट्रकवाल्याला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो. आणि उसाचेच म्हणाल तर आमचा धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना २०१९पासून गाळपच करीत नाही. नंतर गोव्याचा ऊस घाट चढून खानापूरकडे जाऊ लागला, तोही कोणीतरी ओढूनच नेला ना?

माझे म्हणणे फार मोठे नाही. कारखान्याने वाहतुकीचे पैसे ट्रॉलीच्या नोंदणीपत्रात लिहिलेल्या वजनापर्यंतच द्यावेत. त्यापुढच्या टनाला उसाचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, वाहतुकीचा एक पैसाही नाही. ज्या दिवशी जादा टन ओढण्यात कमाई उरणार नाही त्या दिवशी दुसरी ट्रॉली आपोआप हलकी होईल, पोलीस लागणार नाही. दुसरे, उचल देताना ट्रॉलीला ब्रेक आहे की नाही हे पाहावे. ट्रॅक्टरवरून चालणारे ट्रॉलीचे एअर ब्रेक बाजारात मिळतात. ते परवडत नाहीत असे सांगणाऱ्याने आधी त्याच ट्रॅक्टरवरच्या भोंग्यांची किंमत मला सांगावी.

यावर उत्तर तयार असते, की मग खेपा वाढतील, डिझेल वाढेल, तोडलेला ऊस फडात वाळेल, शेतकऱ्याचे नुकसान होईल. वाढेल खरे. तोडणी आणि वाहतूक उसाच्या बिलातून कापली जाते, म्हणजे शेवटी शेतकऱ्यावरच येईल, हेही खरे. तर मग दर त्याप्रमाणे ठरवा, उघडपणे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत टनाला किती मागता त्यात हेही मागा. आजही तो खर्च कोणीतरी भरतोच आहे. मागावरची पाळी संपवून निघालेला तो मोटारसायकलवाला भरतो, आणि ट्रॅक्टरवर बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगाही भरतो, ज्याच्या पाठीत पंचवीस टन आहेत आणि पायाखाली दोन चाकांचा ब्रेक.

मेहुण्याने अखेर फोर बाय फोरच घेतला. काळ्या रानाचे कारण दिले, ते मला पटले. ट्रॉली मात्र नवी बांधायला टाकली आणि ब्रेक लावून मागितली, तेव्हा ट्रॉली बांधणारा म्हणाला, “आजपत्तूर कुनी मागितला न्हाई.” आता दुसरी जोडायची नाही असे मी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “दाजी, कारखान्यानं नगो म्हटलं तर मी कशाला जोडू? जोडा म्हनत्यात, तवर जोडतो.”

त्याचे म्हणणे कारखान्यांपर्यंत पोचवायचा मार्ग आहे. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात होतात. सभासद शेतकरी उठून विचारू शकतो, की वजनपावतीवर ‘निव्वळ वजन’ या रकान्याशेजारी ‘नोंदणीपत्रानुसार वजन’ असा आणखी एक रकाना का नाही? तो एक रकाना छापायला टनामागे किती खर्च येतो, ते एखाद्या संचालकाने माईकवरून सांगावे.